मस्टरवरचा माणूस



माणूस कारखान्यात नोकरीला लागला, असे केव्हा म्हणायचे? तो यंत्रासमोर उभा राहिला तेव्हा, की त्याचे नाव मस्टरवर चढले तेव्हा? घाम गाळायला त्याने पहिल्या घटकेपासून सुरुवात केलेली असते. परंतु उद्या त्याचे बोट यंत्रात सापडले, किंवा दहा वर्षांनी तो आपल्या फंडाची चौकशी करायला आला, की खिडकीपलीकडून पहिला प्रश्न येतो तो हाच: "मस्टरवर नाव आहे का?" नाव असेल तर तो कामगार. नसेल तर कोण कुठला, कुणास ठाऊक!

हे मस्टर ज्याच्या ताब्यात असते त्याला पूर्वी आपण लेबर ऑफिसर म्हणत असू. आता त्याला एच. आर. म्हणतात. नाव बदलले, खुर्ची बदलली, कागदाच्या जागी संगणक आला. काम मात्र तेच राहिले. आज मला त्याच्याविषयी, आणि जमले तर त्याच्याशीच, दोन शब्द बोलायचे आहेत.

आपल्या कोरेगाव तालुक्याला कारखानदारी नवी नाही. सातारा रोड स्टेशनाजवळ पाडळीला धनजीशा कूपर यांनी १९२२ साली कारखाना काढला आणि तिथे लोखंडी नांगर तयार होऊ लागले. त्याच्या बारा वर्षे आधी, १९१० साली, कुंडलजवळच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडी वसवली. शेतकऱ्याघरची मुले भोंग्यावर उठायला शिकली ती या असल्या ठिकाणी. किर्लोस्करवाडीत तर शिक्षा भोगून आलेल्या माणसांवर विश्वास टाकून त्यांना राखणदारीचे काम दिले होते, आणि त्यांनी तो विश्वास राखला. असे करायला लक्ष्मणरावांना कोणत्या कायद्याने सांगितले होते? कोणत्याच नाही. तो त्यांचा मोठेपणा.

पण मोठेपणावर कारखाना चालतो तो मोठा माणूस असेपर्यंत. मालक बदलला, मुलगा गादीवर आला, बाजार बसला, की काल मिळालेली गोष्ट आज मिळेलच असे नाही. मालकाच्या मनात आले म्हणून मिळते ती कृपा. कागदावर आले म्हणून मिळते तो हक्क. मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची सुटी १८९० साली मिळाली, ती नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांच्या सभा भरवल्या, अर्ज केले, वर्षानुवर्षे पाठपुरावा केला म्हणून. पगार ठरल्या मुदतीत द्यावा, असा कायदा व्हायला तर १९३६ साल उजाडावे लागले. हक्क असे एकेक करून पदरात पडतात, आणि पदरात पडल्यावर ते टिकतात की गळतात हे टाइम ऑफिसातल्या टेबलावर ठरते.

१९४८ च्या कारखाना अधिनियमाने पाचशे वा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार नव्या कामगार संहिता अमलात आल्या आणि जुने एकोणतीस कायदे त्यांत सामावले गेले. कल्याण अधिकाऱ्यासाठी संख्या आता अडीचशेवर आणली आहे. म्हणजे कायद्याला हा माणूस अधिक ठिकाणी हवा आहे. का बरे हवा असावा? मालकाकडे वकील असतो, कामगाराकडे युनियन असू शकते. मधला माणूस हवा तो अशासाठी, की तंटा कोर्टात जाण्यापूर्वीच कुणीतरी खरे काय ते लिहून ठेवावे.

इथेच खरी अडचण येते. त्याचा पगार मालक देतो. त्यालाही घर आहे, घराचे हप्ते आहेत, शाळेत जाणारी मुले आहेत. आणि एके दिवशी वरून हुकूम येतो, बहुधा तोंडी: "त्या पोरांना सात महिने झाले ना? ब्रेक द्या."

हा ब्रेक काय असतो, ते आपल्याकडच्या घराघरांत ठाऊक आहे. समजा, तालुक्यातला एक मुलगा आय. टी. आय. करून साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत लागला. सात महिने झाले की त्याला घरी बसवायचे आणि महिन्याभराने नव्या नावाने नव्हे, नव्या तारखेने पुन्हा घ्यायचे. काम तेच, यंत्र तेच, मुलगा तोच. पण मस्टर पाहावे तर तो दर वेळी नवखा! अशी पाच वर्षे गेली. पगार महिना पंधरा हजार सहाशे धरा. सव्वीस दिवसांनी भागले तर रोज सहाशे रुपये पडतो. वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, या हिशेबाने ग्रॅच्युइटी होते वर्षाला नऊ हजार, पाच वर्षांची पंचेचाळीस हजार. एवढ्या पैशासाठी पाच वर्षे खोट्या तारखा लिहायच्या! दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, ते काय खोटे आहे? बरे, कायदा इतका भोळा नाही. माणसाला कायम न करण्याच्या हेतूने वर्षानुवर्षे तात्पुरता ठेवणे ही अनुचित प्रथा आहे, असे महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याने ठरवले; नव्या औद्योगिक संबंध संहितेच्या परिशिष्टातही ती प्रथा आहे. ठरावीक मुदतीच्या नोकरालाही आता एका वर्षाच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटीचा हक्क दिला आहे.

बाकीचे नियमही अवघड नाहीत. प्रत्येकाला नेमणूकपत्र द्यावे. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत व्हावा. नोकरी सुटली, मग राजीनाम्याने सुटो की काढून टाकल्याने, तर हिशेब दोन कामकाजी दिवसांत चुकता व्हावा. एकाच कामाला बाईला कमी नि बाप्याला जास्त असे नसावे. कोऱ्या कागदावर सही, तारीख नसलेला राजीनामा, एक दाखवायचे आणि एक खरे अशी दोन पगारपत्रके, हे प्रकार कुणाला कायदा येत नाही म्हणून होत नाहीत. कायदा पुरता येतो म्हणून होतात.

शिस्तीच्या बाबतीतही तेच. कामगारावर आरोप असेल तर तो लेखी द्यावा, त्याचे म्हणणे ऐकावे, साक्षीदाराला प्रश्न विचारू द्यावेत, आणि ज्याने तक्रार केली त्यालाच न्यायाधीश करू नये. निकाल आधी टाइप करून चौकशी मागाहून भरवली, तर तिला चौकशी कसे म्हणावे? चौकशी चालू असता निलंबित माणसाला पहिले नव्वद दिवस निम्मा निर्वाहभत्ता द्यायचा असतो. तो का? अहो, आरोप सिद्ध होईपर्यंत त्याच्या घरची चूल विझू नये म्हणून.

स्त्रियांच्या छळाविरुद्धचा कायदा २०१३ साली झाला. दहा वा अधिक माणसे काम करतात तिथे अंतर्गत समिती हवी, अध्यक्षस्थानी स्त्री हवी, निम्म्या तरी सभासद स्त्रिया हव्यात, एक व्यक्ती बाहेरची हवी. पुष्कळ ठिकाणी समितीची पाटी भिंतीवर असते, पण पाटीवरच्या बाईंनाच आपण अध्यक्ष आहोत हे ठाऊक नसते! तक्रार घेऊन आलेली मुलगी पहिल्यांदा एच. आर.च्या दारात उभी राहते. "बघू, समजावून सांगू त्याला," या एका वाक्याने ती परत गेली, की पुन्हा येत नाही. आणि तिची गोष्ट संध्याकाळपर्यंत कँटीनमध्ये पोचली, तर दुसरीही कुणी येत नाही.

येथवर मस्टरवरच्या माणसांचे झाले. आता मस्टरबाहेर राहिलेल्यांकडे वळू.

दिवाळी झाली की आपल्या भागात उसाच्या फडाकडेला कोप्या उभ्या राहतात. बीडकडून, नगरकडून माणसे येतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजतात. दोन माणसांचे एक हत्यार झाले, आणि हिशेब बहुधा नवऱ्याच्या नावे! मुकादमाने दिलेली उचल फिटेपर्यंत सुटका नाही, एक दिवस खाडा झाला तर पैसे कापले जातात. याचा शेवट कुठवर जातो? २०१९ साली शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या सुमारे ब्याऐंशी हजार ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, आणि तेरा हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. खाडा परवडत नाही, हे त्यामागच्या कारणांपैकी एक होते.

कारखान्याचे उत्तर ठरलेले असते: "आमचा करार मुकादमाशी. ही माणसे आमच्या मस्टरवर नाहीत." पण ठेकेदाराने मजुरी थकवली तर मुख्य मालकाने ती द्यावी, हे तत्त्व १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात आले नि नव्या संहितेतही राहिले. किमान वेतनाहून कमी मजुरीत राबवणे ही वेठबिगारीच होय, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली दिल्लीच्या आशियाई खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात सांगितले. तेव्हा साखर कारखान्याच्या कार्मिक अधिकाऱ्याला एवढे नक्कीच करता येईल: फडातल्या प्रत्येक माणसाचे नाव स्वतंत्र लिहावे, बाईचे बाईच्या नावे, कोणी किती टन तोडला, किती मिळाले, किती कापले, याची नोंद ठेवावी. एवढे लिहिले तरी पुष्कळ गोष्टी आपोआप उजेडात येतील.

कोणी म्हणेल, "हे सांगायला ठीक आहे. मालकाला नाही म्हटले तर माझीच नोकरी जाईल." खरे आहे. मी कुणाला हुतात्मा व्हा असे सांगत नाही. पण 'हो' आणि 'नाही' यांच्या मध्ये एक साधी वाट आहे, ती म्हणजे लिहिणे. तोंडी हुकूम आला की साहेबांना नम्रपणे दोन ओळींची टिपणी पाठवावी: आपण अमुक सांगितलेत, कायदा तमुक म्हणतो, दंड वा दावा झाला तर खर्च इतका येईल, तरी लेखी आज्ञा व्हावी. भांडण नाही, आवाज चढवणे नाही. तोंडी सोडलेले पुष्कळ हुकूम लेखी मागितले की परत जातात. आणि एखादा नाहीच परत गेला, तर निदान खोट्या तारखेखाली आपली सही तरी राहत नाही.

शेतकऱ्याच्या घरात सातबाऱ्याची किंमत काय असते ते आपल्याला सांगायला नको. त्यावर नाव लागावे म्हणून पिढ्या झगडल्या. कामगाराला जमीन नाही. त्याचा सातबारा म्हणजे मस्टर. तो ज्याच्या हाती दिला आहे त्याने त्यावर खरे नाव, खरी तारीख आणि खरी रक्कम लिहावी. नीतीचे मोठाले ग्रंथ त्याने वाचले नाहीत तरी चालेल.