अडगळीतला पैसा

(साक्षरता वर्गातील बंधुभगिनींपुढे केलेले भाषण)



तुम्ही आता अक्षराला अक्षर जोडून वाचू लागला आहात. बँकेत अंगठा उठवायचे दिवस गेले, सही करता येते. तेव्हा आज आम्ही राजाराणीची गोष्ट सांगणार नाही. तुमच्या घरातलीच गोष्ट सांगणार आहोत.

आपला माळा डोळ्यांपुढे आणा. तिथे काय काय आहे? मुलगा सातवीत असताना घेतलेली सायकल. तो आता नोकरीला लागला. फवारणीचा जुना पंप. बॅटरीवरचा नवा आला, तेव्हापासून त्याला कोणी हात लावला नाही. एक पाळणा. सुनेच्या माहेरून नवे यंत्र आल्यावर कोपऱ्यात सरकवलेले शिवणयंत्र. गोठ्यात कडबाकुट्टी उभी असते. जनावरे विकली, यंत्र मात्र राहिले.

कोणी विचारले तर आपण म्हणतो, "असू दे की! खायला थोडंच मागतंय?"

खायला मागत नाही हे खरे. पण त्यालाच दुसरे खातात. लोखंडाला गंज खातो, लाकडाला वाळवी खाते, रबराला ऊन खाते. सायकल नुसती उभी ठेवली तरी दोन-चार उन्हाळ्यांत टायर तडकतात. आज जी वस्तू कोणाच्या तरी कामाची आहे, ती आणखी पाच वर्षांनी भंगारवाल्याच्या काट्यावर जाते.

भंगारवाला वाईट माणूस नव्हे. त्याचा धंदा वजनाचा आहे. शिवणयंत्र चालू की बंद, हे तो पाहत नाही. किती किलो भरले तेवढे पाहतो. उलट ज्या बाईला ब्लाउज शिवून चार पैसे मिळवायचे आहेत, तिला वजनाशी काय करायचे? यंत्र टाका नीट घालते ना, एवढेच ती विचारील. एकाला जे लोखंड, तेच दुसऱ्याला पोटाचे साधन. ही दुसरी व्यक्ती गाठायची कशी, एवढाच प्रश्न आहे.

पूर्वी बाजाराच्या दिवशी चार लोकांच्या कानांवर घालत असू. आता ते काम फोन करतो. ओएलएक्ससारख्या ठिकाणी जुन्या वस्तूची जाहिरात देता येते. गावाच्या किंवा बचत गटाच्या व्हॉट्सॲपवर टाकली तरी चालते. आमचे मत विचाराल तर आधी गट, मग बाहेर. ओळखीचा माणूस घासाघीस फार करतो, पण वस्तू पाहून घेतो आणि नोटा हातावर मोजतो.

वस्तू आधी पुसून घ्या. फोटो अंगणात, उजेडात काढा. अंधाऱ्या खोलीतल्या फोटोला गिऱ्हाईक भुलत नाही. जिथे मोडले आहे तिथला फोटोही द्या. "पाळण्याची एक दांडी बदलली आहे" असे लिहून टाकले म्हणजे माणूस दारात येऊन भांडत नाही. वस्तू कोणत्या साली घेतली ते लिहा. गावाचे नाव द्या, पण घरचा पत्ता, आधार कार्डाचा फोटो, पासबुकाचे पान यातले काही पाठवू नका. यंत्र विकण्यासाठी ते लागत नाही. अनोळखी माणसाला भेटायचे तर बाजारात किंवा ग्रामपंचायतीसमोर भेटावे, घरी बाई एकटी असताना बोलावू नये.

मोटारसायकल विकणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट सांगतो. पैसे घेतले आणि किल्ली दिली, एवढ्याने गाडी विकली जात नाही. आरटीओच्या कागदावरचे नाव बदलले पाहिजे. त्यासाठी नमुना २९ आणि नमुना ३० भरतात. गाडी दिल्यापासून १४ दिवसांच्या आत विकणाऱ्याने कळवायचे, असा कायदा आहे. नाव बदलले नाही आणि नव्या माणसाने कोणाला धडक दिली, तर भरपाईसाठी कागदावरच्या मालकालाच धरतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली असाच निकाल दिला आहे. "तो करून घेईल नाव" म्हणून बसू नका. आपण सोबत जाऊन करून घ्या.

आता पुढचे नीट ऐका. आजच्या बोलण्यातले हेच मुख्य आहे.

आमच्या शेजारच्या वाडीत एक बाई आहेत. नवरा वारल्यावर त्यांनी म्हशी कमी केल्या आणि कडबाकुट्टी विकायला काढली. किंमत ९,००० रुपये. मुलाने फोनवर जाहिरात दिली आणि तो तालुक्याला कामावर गेला. तासाभरात फोन वाजला.

"ताई, मी फौजेत आहे. लांब आहे. यंत्र माझ्या भावाला पाहिजे. तो उद्या टेम्पो घेऊन येईल. पैसे मी आत्ताच पाठवतो."

त्याने एक रुपया कमी करा म्हटले नाही. यंत्र चालते का, पाती बदलली का, मोटर किती शक्तीची, काहीच विचारले नाही. खरा शेतकरी कधी असे यंत्र घेतो का? पण फौजी म्हटले की आपल्या मनात आदर येतो. फसवणाऱ्यालाही ते ठाऊक असते. म्हणून तो गणवेशातला फोटो आणि ओळखपत्रही पाठवतो. दोन्ही दुसऱ्याची किंवा बनावट असतात.

मग त्याने काळ्या ठिपक्यांचे एक चौकोनी चित्र पाठवले. याला क्यूआर कोड म्हणतात, दुकानात गल्ल्यावर चिकटवलेला असतो तोच. म्हणाला, "हे फोनमध्ये उघडा, तुमचा पिन टाका, की पैसे जमा." बाईंनी पिन टाकला. खात्यातून ९,००० रुपये गेले. त्यांनी घाबरून सांगितले. तो शांतपणे म्हणाला, "उलटं झालं वाटतं. पुन्हा एकदा करा, दोन्ही मिळून परत येतील." त्यांनी पुन्हा केले. आणखी ९,००० गेले. यंत्र जागेवर, टेम्पो नाही, भाऊ नाही, आणि फोन बंद.

त्या वेळी पडद्यावर एक शब्द होता. "पैसे द्या" अशा अर्थाचा. पण तो इंग्रजीत होता. बाई मराठी वाचतात. त्यांच्या फोनची भाषा मराठी असती, तर कदाचित बोट तिथेच थांबले असते.

तेव्हा यातली खूण सांगतो. फोनवरून पैसे देण्याघेण्याची यूपीआय नावाची सोय २०१६ साली सुरू झाली. तिच्यात पिन असतो ४ किंवा ६ आकड्यांचा. हा पिन म्हणजे तुमच्या कणगीची किल्ली. धान्य बाहेर काढायला किल्ली लागते. दुसऱ्याने तुमच्या अंगणात पोते आणून टाकले तर किल्ली कशाला? पैसे येताना पिन कधीच लागत नाही. पैसे देताना लागतो, आणि आपली शिल्लक पाहताना लागतो. क्यूआर कोडाचेही तसेच. जो कोड टिपतो, तो पैसे देतो. दुकानदार तुमचा कोड टिपतो का? नाही. तुम्ही त्याचा टिपता आणि पैसे देता. मग विकणारे तुम्ही असताना तुम्ही कशाला कोड टिपायचा?

दुसरी युक्तीही चालते. "चुकून जास्त पैसे पाठवले, वरचे परत करा," असा फोन येतो. सोबत बँकेसारखा दिसणारा संदेश येतो. संदेश कोणीही लिहू शकतो. पैसे आले की नाही ते आपल्या खात्यात पाहावे. खात्यात दिसले तर वस्तू द्यावी, नाही तर नाही.

आता त्या बाईंचे पुढे काय झाले? त्या दोन दिवस कोणाशी बोलल्या नाहीत. मुलाला काय तोंड दाखवू, लोक हसतील, असे त्यांना वाटले. जेवल्याही नाहीत. तिसऱ्या दिवशी मुलाने खोदून विचारले तेव्हा त्यांनी सांगितले. मग १९३० या क्रमांकावर फोन केला. सायबर फसवणुकीची तक्रार घेणारा हा सरकारी क्रमांक आहे. तक्रार ताबडतोब गेली, तर पैसे पुढच्या खात्यात असतानाच बँका ते अडवू शकतात. पण चोर पैसे एका खात्यात ठेवत नाही. या खात्यातून त्या खात्यात पळवतो आणि काढून घेतो. दोन दिवसांत ते निघून गेले होते.

लाज चोराला वाटायला हवी. ज्याचे पैसे गेले त्याने का तोंड लपवावे? वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत १९३० लिहून ठेवा. घरात कोणाचे असे झाले तर आधी रागावू नका. आधी हा फोन करा, मग बँकेला कळवा. बोलायचे ते नंतर बोला. आम्हाला तर वाटते, पैसे गेल्यापेक्षा घरच्यांच्या बोलण्याची भीतीच माणसाला जास्त गप्प करते.

असो. वस्तू नीट विकली, पैसे आले. आता ते राहणार कसे? खिशात आलेला पैसा पाण्यासारखा असतो, उताराला लागतो. पोस्टात आवर्ती ठेवीचे खाते असते. दरमहा कमीत कमी १०० रुपये भरायचे, मुदत ५ वर्षे. अडगळ विकून खाते उघडावे. पुढचे हप्ते रोजच्या खर्चातून निघतात.

कसे ते पाहा. एक माणूस दिवसाला २० रुपये तंबाखू-सुपारीला आणि टपरीवरच्या जादा चहाला घालवतो, असे समजा. २० रुपये म्हणजे काय, कोणी मोजत नाही. महिन्याचे ६०० झाले. वर्षाचे ७,३०० झाले. तेच ६०० दरमहा पोस्टात टाकले तर ५ वर्षांत ३६,००० रुपये मुद्दल जमते, व्याज वेगळे. वहीत रोज रात्री लिहायला लागा. पहिल्या आठवड्यात कोणाचाच विश्वास बसत नाही. बायकोने लिहिले तर नवऱ्याचा बसत नाही, म्हणून ज्याचे त्याने लिहावे!

त्या २० रुपयांतला तंबाखू तोंडाचा कर्करोग देतो, तेव्हा तिथे बचत दुहेरी आहे. यावरून शरीराकडे वळतो.

शहरातल्या जुन्या वस्तूंच्या जाहिराती वाचल्या तर एक गंमत दिसते. घरातल्या घरात चालायचे यंत्र पुष्कळ लोक विकायला काढतात. खाली लिहिलेले असते, "फारसे वापरलेले नाही." हौसेने घेतले, आठ दिवस चालले, मग त्यावर कपडे वाळत घातले. असले यंत्र स्वस्तात मिळते म्हणून मुलगा घेऊन येऊ लागला, तर त्याला बांधावरची वाट दाखवा.

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, आम्ही रानात राबतो. आम्हाला व्यायाम कशाला?" भांगलण आणि काढणीचे दिवस असतात तेव्हा हे खरे आहे. पण आता नांगरट ट्रॅक्टरने होते, दूध मोटारसायकलवर जाते, आणि पारावर बसायला वेळही मिळतो. साखरेचा आजार आता शहरापुरता राहिलेला नाही. पुरुषांना माप घ्यायला टेप नको. करगोटा आवळू लागला की समजावे!

रोज दहा हजार पावले चाला, असे फोन सांगतो. या आकड्याला घाबरू नका. जपानमध्ये १९६५ साली पावले मोजणारे एक यंत्र विक्रीला आले. त्याच्या नावातच दहा हजार पावले होती. तिथून तो आकडा पसरला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितलेले माप सोपे आहे. मोठ्या माणसाने आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे झपझप हालचाल करावी. म्हणजे आठवड्यातले पाच दिवस रोज अर्धा तास. चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, एवढा वेग पुरे. पाऊस लागला तर घरात सूर्यनमस्कार घाला, सतरंजीएवढी जागा लागते. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातल्या शाळांत मुलामुलींकडून सूर्यनमस्कार घालून घेतले, तेही कुठलेच यंत्र न आणता.

पहिल्या महिन्याला ठरवायचे ते थोडेच ठरवा. रान दीड किलोमीटरवर असेल तर गाडी घरी ठेवून पायी जा. जाऊन येऊन तीन किलोमीटर झाले. महिन्याचे ९० किलोमीटर, म्हणजे गाडीचे दोन लिटरच्या आसपास पेट्रोल वाचले. ते पैसेही वहीत लिहा. छातीत दुखत असेल, धाप लागत असेल, तर मात्र आधी डॉक्टरला दाखवा. तिशी ओलांडली असेल तर सरकारी आरोग्य केंद्रात जाऊन रक्तदाब आणि साखर तपासून घ्या. तिथे त्याचे पैसे पडत नाहीत.

पुढच्या बुधवारी वर्गाला येताना वही आणा आणि फोन चार्ज करून आणा. आधी प्रत्येकाच्या फोनची भाषा मराठी करून घेऊ. मग पडद्यावरचे "पैसे द्या" आणि "पैसे मिळाले" हे शब्द सगळ्यांनी मोठ्याने वाचायचे. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांना ते आम्ही फळ्यावर लिहून देऊ.