उतारवयांतील फिरस्ती

उतारवयांतला प्रवास म्हणजे काशी-रामेश्वर, ही समजूत आतां मोडूं लागली आहे. २०२२ पासून पंचाहत्तरी गांठलेल्यांना एस. टी. मोफत झाली, २०२३ पासून स्त्रियांना अर्धें तिकीट. हिंगोलीकडील वृद्ध दांपत्यें भाकरी बांधून सेनगांव, कळमनुरी, वसमत अशीं जवळचींच गांवें हिंडतात. गृहस्थ फुकट, बाईंचें तिकीट मात्र निघतें; तिकिटाचे पैसेही बहुधा तिच्याच पदराच्या गांठीचे!

नामदेवांसाठीं औंढ्याचें देऊळ फिरलें, ही कथा तिनें जन्मभर कीर्तनांत ऐकलेली. देवळामागचा नंदी मात्र ती सत्तराव्या वर्षीं प्रथमच पाहते. उरलें नामदेवांचें नर्सी, कयाधूच्या कांठचें. अडचण गुडघ्यांची. गाडीची पायरी उंच, वाहक घाईंत. पुढील वर्षीं ती चढवेल कीं नाहीं, म्हणून नर्सी याच महिन्यांत.