खेकड्याची पाटी



बोरघाट आणि थळघाट येथे रेल्वेला ३७ फुटांत १ फूट चढावे लागते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १९२५ साली सरकारकडे आली आणि १९२८ पासून या घाटांतल्या मालगाड्यांसाठी विजेची ४१ इंजिने परदेशातून आली. काही स्वित्झर्लंडमध्ये विंटरथुरला घडली, बाकीची इंग्लंडात व्हल्कन फाउंड्रीत. २६०० अश्वशक्तीचे ते धूड वळणावर अंग मोडून घेई, कण्हत चढे. आम्हां रेल्वे कामगारांत त्याचे नाव पडले ‘खेकडा’.

खेकड्याचा एक गुण ध्यानात घ्या. घाट उतरताना त्याच्या मोटारी उलट वीज निर्माण करीत आणि ती तारेत परत देत. उतरणाऱ्याचे बळ चढणाऱ्याच्या उपयोगी पडे. संघटना याहून वेगळी ती काय असते?

यांतला एक खेकडा दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात आहे. त्याचे नाव ‘सर लेस्ली विल्सन’. हे मुंबईचे गव्हर्नर. ज्यांनी तो चालवला, भर पावसात घाटातली लाईन राखली, कारखान्यात त्याची चाके उतरवून पुन्हा बसवली, त्यांची पाटी कोठे आहे?

गव्हर्नरांची पाटी काढा, असे आम्ही म्हणत नाही. तिच्या शेजारी दुसरी लावा, एवढेच मागतो. आपल्या घरी कोणी जुना रेल्वे कामगार असेल, तर आज रात्रीच त्याच्या आठवणी वहीत उतरवून घ्या. पाटीवरचा मजकूर त्या वहीतूनच निघेल.