मिक्सरचा कपलर आणि दुरुस्तीचा हक्क

पाट्या-वरवंट्यावर वाटण करणाऱ्या गृहिणीला मिक्सरने जी मोकळीक दिली, तिला चंगळ म्हणणे हा करंटेपणा होय. (समाजवादी व्यासपीठांवरूनही तो झालेला आहे.) प्रश्न पुढचाच आहे. भांड्याखालचा कपलर झिजतो. किंमत किरकोळ, पण जुन्या नमुन्याचा तो बाजारात मिळेनासा होतो. मग सल्ला येतो : नवाच घ्या! मोटरचे वाइंडिंग करू शकणारा कोपऱ्यावरचा कारागीर एवढ्याशा तुकड्यापायी हतबल ठरतो. केंद्र सरकारने २०२२ च्या जुलैत दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, डिसेंबरात संकेतस्थळ उघडले. परंतु माहितीने मिक्सर फिरत नाही. विक्री थांबल्यावरही ठरावीक वर्षे सुटे भाग पुरवण्याचे बंधन उत्पादकांवर कायद्यानेच हवे. आणि ते भाग कंपनीच्या केंद्राइतकेच त्या कारागिरालाही, त्याच दराने मिळाले पाहिजेत.