दुर्मिळ पक्ष्यांचे दर्शन आणि छायाचित्रकाराचे ऋण

(पक्षी सप्ताहानिमित्त इचलकरंजी येथे झालेल्या भाषणाचा मजकूर)



इचलकरंजी ही मागांची नगरी आहे. १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी येथे पहिला यंत्रमाग बसविला आणि पुढे या गावाचा दिवस धोट्याच्या आवाजाने उजाडू लागला. अशा गावात रानपाखरांविषयी बोलणे काहींना विजोड वाटेल. परंतु ज्यांचा हात कापडाच्या धंद्यात मुरलेला आहे, त्यांना पक्षिनिरीक्षणाचा पहिला धडा नव्याने शिकवावा लागत नाही. वहिफणी करणारा कामगार ताण्याचे हजारो धागे एकेक करून ओवतो. एका ठिकाणी घाई झाली, तर तिचा दोष साऱ्या कापडावर उमटतो. रानात कॅमेरा घेऊन बसलेल्या माणसाची गोष्ट याहून निराळी नाही. घाईने टाकलेले एक पाऊल त्याची सबंध सकाळ वाया घालविते.

महाराष्ट्र शासनाने २०२० साली ५ ते १२ नोव्हेंबर हा आठवडा ‘पक्षी सप्ताह’ म्हणून जाहीर केला. ५ नोव्हेंबर हा अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांचा, तर १२ नोव्हेंबर हा डॉ. सलीम अली यांचा जन्मदिवस. सलीम अलींच्या पक्षिप्रेमाचा उगम बंदुकीत आहे, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. बालपणी त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या कंठावर पिवळा ठिपका होता. ती कोणत्या जातीची, हे विचारण्यासाठी ते मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेत गेले आणि तेथे त्यांच्यासमोर ज्ञानाचे एक भांडारच उघडले. त्या काळी पक्षी ओळखावयाचा तर तो मारूनच हाती घ्यावा लागे. पुढे दुर्बीण आणि कॅमेरा ही साधने सुलभ झाली आणि पक्ष्याचा जीव न घेता त्याची ओळख पटविणे शक्य झाले. छायाचित्रणाचे खरे मोल येथे आहे.

याचा उत्तम दाखला आपल्याच राज्यात घडला. रानपिंगळा हा घुबडांच्या कुळातील लहानसा पक्षी. १८७३ साली शास्त्राला त्याची ओळख झाली. खानदेशात अधिकारपदावर असलेल्या जेम्स डेव्हिडसन यांनी शहाद्याच्या परिसरात त्याचे काही नमुने मिळविले. त्यांतील शेवटचा १८८४ सालचा. त्यानंतर हा पक्षी जणू पृथ्वीतलावरून नाहीसा झाला. १९१४ साली गुजरातेत मांडवीजवळ तो मिळाल्याची एक नोंद होती. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या इंग्रज संग्राहकाच्या नावावर ती होती. पुढे बारकाईने तपासणी झाली, तेव्हा तो नमुना जुन्याच संग्रहातून चोरून, नवी चिठ्ठी लावून ठेवलेला आढळला. एका खोट्या नोंदीने शोध घेणाऱ्यांना दीर्घकाळ चुकीच्या वाटेला लावले होते.

पामेला रासमुसेन या विदुषीने संग्रहालयांतील नमुने ताडून पाहिले आणि विश्वासार्ह नोंदी तेवढ्या बाजूला काढल्या. नंतर बेन किंग व डेव्हिड ॲबट या सहकाऱ्यांसह त्या भारतात आल्या. पूर्व भारतातील जुन्या ठिकाणी शोध घेऊनही हाती काही लागले नाही. अखेर ही मंडळी शहाद्याजवळच्या रानात पोहोचली. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळच्या उन्हात, एका झाडाच्या निष्पर्ण फांदीवर रानपिंगळा निवांत बसलेला त्यांना दिसला. ११३ वर्षांनंतरचे ते दर्शन होते. तो उडून न जाता बसून राहिला. त्याची छायाचित्रे व चित्रफीत घेता आली, आणि जो नष्ट झाला असे मानले जात होते तो जिवंत असल्याचा निर्विवाद पुरावा जगासमोर आला. त्यासाठी एकाही पक्ष्याचा प्राण घ्यावा लागला नाही. पुढे मेळघाट, यावल आणि मुंबईजवळच्या तानसा येथील रानांतही तो आढळला.

या कथेत योगायोगाचा भाग थोडा आणि तयारीचा भाग मोठा आहे. कॅमेऱ्याची कळ दाबण्यास क्षण पुरतो, परंतु त्या क्षणापूर्वी कित्येक महिन्यांचे वाचन, पडताळणी आणि निष्फळ पायपीट होती. धीर म्हणजे नुसते बसून राहणे नव्हे. पक्ष्याचे खाद्य, त्याची वेळ आणि त्याचे झाड जाणून घेऊन मग स्वस्थ बसणे, हा खरा धीर होय.

धीराची दुसरी बाजू संयमाची आहे, आणि ती शिकण्यासाठी इचलकरंजीकरांना खानदेशात जाण्याचे कारण नाही. गावाच्या कडेने वाहणाऱ्या पंचगंगेत भोगावतीचे पाणी येते, आणि भोगावती येते राधानगरीच्या डोंगरांतून. त्या डोंगरांतील दाजीपूरचे रान १९५८ साली अभयारण्य म्हणून राखले गेले. राधानगरी अभयारण्य आज पश्चिम घाटाच्या जागतिक वारसास्थळाचा भाग आहे. गव्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या रानात धनेशही राहतो. जुन्या झाडाच्या ढोलीत धनेशाची मादी अंडी घालण्यासाठी शिरते आणि ढोलीचे तोंड लिंपून घेते. एक अरुंद फट तेवढी उरते. त्या फटीतून नर तिला आणि पुढे पिलांना अनेक आठवडे फळे व किडे भरवितो. उंबर, वड यांसारख्या झाडांची फळे खाऊन तो त्यांच्या बिया दूरवर टाकतो. रानाची पेरणी अशी चालते, आणि रान पाणी धरून ठेवते.

आता असे समजा की, त्या ढोलीसमोर चारदोन हौशी माणसे कॅमेरे रोखून उभी राहिली. नर बिचकतो. तोंडातील फळ घेऊन तो दूरच्या फांदीवर बसून राहतो आणि आत मादी व पिले उपाशी राहतात. छायाचित्र कदाचित सुरेख येईल, परंतु त्याची किंमत ढोलीतल्या कोंडलेल्या जिवांनी मोजलेली असेल. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली अभयारण्यातील प्रवेशासाठी नियम आहेत ते याचसाठी. मात्र रानात प्रत्येकामागे पहारेकरी उभा करता येत नाही. तेथे ज्याचा त्याने स्वतःवर पहारा ठेवावा लागतो.

माळढोकाची गोष्ट अधिक गंभीर आहे. सोलापूरजवळच्या नान्नज परिसरातील माळांवर त्याच्यासाठी १९७९ साली अभयारण्य झाले. हा भारदस्त पक्षी एका वेळी सामान्यतः एकच अंडे घालतो, तेही उघड्या जमिनीवर. माळराने आक्रसली, विजेच्या तारा आल्या, आणि आज महाराष्ट्रात त्याचे दर्शन क्वचितच घडते. एखाद्या पक्ष्याचे छायाचित्र तेवढे उरावे आणि पक्षी नसावा, यासारखी खंत दुसरी नाही.

म्हणून ज्याला रानाने दर्शन दिले, त्याच्यावर ऋण चढते. ते फेडण्याचे मार्ग साधे आहेत. घरट्याचे चित्र घेण्याचा मोह टाळावा. आड येणारी फांदी तोडू नये. पक्ष्याला पुढे आणण्यासाठी त्याच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण वाजवू नये. दुर्मिळ पक्ष्याचा ठावठिकाणा गर्दीला सांगू नये, तो वनखात्याला व अभ्यासकांना कळवावा. तारीख, वेळ व जागा यांची नोंद खरी ठेवावी, कारण एका खोट्या चिठ्ठीने काय घडले हे रानपिंगळ्याच्या कथेत दिसलेच आहे. आणि पक्षी अस्वस्थ झालेला दिसताच, चित्र मिळो वा न मिळो, मागे फिरावे.

या साधनेचा आरंभ घराजवळ करता येतो. पाळी संपवून नदीकाठी गेलेल्या माणसाला खंड्या भेटेल, बगळा भेटेल. महिनाभर एकाच जागी बसून त्यांची रीत जो समजून घेईल, त्याच्याच डोळ्याला पुढे दुर्मिळ पक्षी ओळखू येईल. आणि ज्या नदीकाठी तो बसेल, ती नदी स्वच्छ राखण्याची निकडही त्याला कोणी सांगावी लागणार नाही.

वहिफणी करणाऱ्याचे नाव ताग्यावर कोठे लिहिलेले नसते, पण कापड निर्दोष उतरले की त्याचे काम सिद्ध होते. रानातल्या छायाचित्रकाराचेही यश तसेच मोजावे. तो उठून गेल्यानंतर धनेशाचा नर निर्धास्तपणे ढोलीकडे परतला, तर त्या दिवसाचे काम चांगले झाले असे म्हणावे.