ग्रामीण ऊर्जा-उद्योगांचे कारभारी



पनवेलहून गोव्याच्या रस्त्याने निघाले, की कर्नाळ्याच्या अलीकडे शिरढोण लागते. ४ नोव्हेंबर १८४५ रोजी वासुदेव बळवंत फडके येथे जन्मले, हे सर्वश्रुत आहे. परंतु ज्या पुरुषाने पुढे रामोशी बांधवांना हाताशी धरून परकीय सत्तेविरुद्ध शस्त्र उचलले, तो त्यापूर्वी कित्येक वर्षे पुण्यास लष्करी हिशेबखात्यात कारकुनी करीत होता, आणि भावे व इंदापूरकर या सहकाऱ्यांसह त्याने स्थापिलेल्या शिक्षणसंस्थेचीच आजची महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी झाली, याचे स्मरण क्वचितच होते. हिशेब, अध्यापन आणि माणसे जोडण्याची विद्या एकाच ठायी नांदू शकतात, याचा हा घरचा दाखला आहे. आणि आजच्या माझ्या विषयाला नेमका असाच मनुष्य हवा आहे.

ग्रामीण भागात गोबरगॅसची सयंत्रे, सौर पंप, भाताच्या तुसावर किंवा उसाच्या चिपाडावर चालणारे बॉयलर यांची उभारणी होत असते. यंत्र मिळते, कर्ज मिळते, अनुदानाचा अर्जही कचेरीतून मंजूर होऊन येतो. दुर्मिळ असतो तो हा सारा व्याप सांभाळणारा कारभारी. खादी व ग्रामोद्योग आयोगाच्या पद्धतीचे सयंत्र घ्या. त्याची लोखंडी टाकी वायूच्या दाबाने वरखाली होते, आणि तिला वेळच्या वेळी रंग दिला नाही तर पत्रा गंजून भोके पडतात. २ घनमीटरच्या सयंत्राला रोज सुमारे ५० किलो शेण लागते, ते समभाग पाण्यात कालवावे लागते. हे ज्ञान दुर्घट नाही. पण सयंत्र सामाईक असेल, तर रंगाचा खर्च कोणत्या खात्यातून करावयाचा, शेण आणण्याची पाळी चुकविणारा आपल्याच भावकीतला निघाला तर त्याला चारचौघांत कोणत्या शब्दांत सांगावयाचे, आणि शिरढोणभोवतालच्या जमिनी शहराच्या विस्तारात जाऊन गोठे रिकामे होत असता पुढील साली शेणाची तजवीज कोठून करावयाची, हे कोणत्याही यंत्राच्या माहितीपत्रकात लिहिलेले नसते. माझ्या मते नेतृत्वाचे शिक्षण म्हणतात ते हेच.

प्रवरेकाठी १९५० साली सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तेव्हा विठ्ठलराव विखे पाटील आणि त्यांच्या सोबतच्या शेतकऱ्यांनी अध्यक्षपदी धनंजयराव गाडगीळांसारखा अर्थशास्त्रज्ञ बसविला. संचालक मंडळाच्या बैठकीत अर्थशास्त्रज्ञाशेजारी बसून ताळेबंदाचा विचार करणे, यापरते उत्तम प्रशिक्षण शेतकऱ्याला कोणते मिळणार होते? उलट, त्याच मुलखातील मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्थेची कथा क्लेशदायक आहे. शेतीपंपांचे दर सरकारी धोरणाच्या आधीन होते, हे खरे. तथापि वसुली आणि वीजखरेदीची थकबाकी यांचा गुंता वाढत गेला, आणि २०११ साली परवाना संपून वितरण महावितरणकडे गेले. गावोगाव खांब उभे करणाऱ्या संस्थेला बिलाची वसुली जड जावी, यातून आपण शिकले पाहिजे.

पुण्यास वैकुंठ मेहता राष्ट्रीय सहकारी व्यवस्थापन संस्था आहे, आणि ताळेबंद वाचावयास शिकविण्यासाठी तिच्यासारख्या संस्थांची गरज आहेच. परंतु थकबाकीदार शेजाऱ्याच्या ओसरीवर बसून, संबंध न तोडता, हप्ता मागण्याची हातोटी वर्गात येत नाही. ती उमेदवारीनेच येते. शिरढोणपासून थोड्याच अंतरावर तारा येथे युसुफ मेहेरअली सेंटरने तेलघाणी, साबण, कुंभारकाम असे ग्रामोद्योग चालविले आहेत. अशा चालत्या उद्योगात, जाणत्या व्यवस्थापकाच्या हाताखाली, रोजकीर्द लिहिण्यापासून माल विकण्यापर्यंत सर्व कामे उमेदवारांनी करावी.

हे उमेदवार निवडताना केवळ पदवीधरांकडे न पाहता प्रथम महिला बचत गटांकडे पाहावे, असे मला आग्रहाने म्हणावेसे वाटते. कारण दरमहा रक्कम गोळा करणे, कर्ज कोणाला द्यावे हे सर्वांसमक्ष ठरविणे आणि चुकलेल्या हप्त्याचा विषय भांडण न होऊ देता काढणे, ही कामे त्या स्त्रिया आज प्रत्यक्ष करीतच आहेत. उमेदवारीचा काळ भाताची झोडणी संपल्यावर, मार्गशीर्षापासून होळीपर्यंत ठेवावा, आणि त्या काळातील वेतन उद्योगाच्या मूळ भांडवलातच धरावे, म्हणजे शेतमजुराच्या मुलीला रोजगार बुडवून शिकण्याची पाळी येणार नाही.