ब्रेकचे किंचाळणे

वेगवान मोटारीच्या मालकाला ज्या गोष्टीचा सर्वांत अधिक संकोच वाटतो ती बहुधा वेगाची नसते, थांबण्याची असते. गाडी सावकाश चौकाशी येते, पाय ब्रेकवर हलकेच टेकतो, आणि चाकांतून असा काही चिरका, लांबट सूर निघतो की फुटपाथवरची माणसे वळून पाहतात. एवढ्या किमतीची गाडी आणि तिचे ब्रेक वंगण नसलेल्या रहाटासारखे ओरडतात, हे पाहून शेजारच्या रिक्षावाल्याच्या चेहऱ्यावर जे हसू उमटते ते मी अनेकदा पाहिले आहे. दोन वर्षे हा आवाज मी सोसला, आणि मग तो बंद करण्याच्या हट्टापायी एक चूक केली. ती पुढे सांगेनच. परंतु आधी हा आवाज मुळात कसला, ते पाहावयास हवे.

ब्रेक ओरडला म्हणजे तो झिजला किंवा बिघडला, अशी आपली समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. चाकाबरोबर बिडाची एक तबकडी फिरत असते. पेडल दाबले की तेलाच्या दाबाने कॅलिपरमधील पिस्टन पुढे सरकतात आणि दोन्ही बाजूंचे पॅड त्या तबकडीवर आवळले जातात. पॅड तबकडीवरून एकसारखा घसरत राहिला तर आवाजाचे कारण नाही. पण घर्षण इतके सरळमार्गी नसते. पॅड क्षणभर तबकडीला धरतो, तिच्याबरोबर केसभर ओढला जातो, सुटतो, पुन्हा धरतो. सारंगीच्या तारेवरून गज फिरतो तेव्हा याहून फारसे निराळे काही घडत नाही. पॅडची ही थरथर आणि तबकडीची स्वतःची कंपने यांची गाठ पडली की दोघेही एकमेकांना चढवत नेतात, आणि सारी तबकडी घंटेसारखी वाजू लागते. एर्न्स्ट क्लाड्नी या जर्मन शास्त्रज्ञाने 1787 साली धातूच्या पत्र्यावर वाळू पसरून त्याच्या कडेवरून गज ओढण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. वाळूची जी नक्षी उमटे तिच्यावरून पत्र्याचा कोणता भाग थरथरतो आणि कोणता स्वस्थ राहतो ते डोळ्यांना दिसे. आपल्या चाकामागची किंचाळणारी तबकडी हा त्याच पत्र्याचा वंशज होय. सेकंदाला हजारापासून पंधरा-सोळा हजारांपर्यंत ही कंपने असू शकतात. आणि दोन ते पाच हजारांच्या दरम्यानचे सूर तर आपल्या कानाला विशेषच टोचतात.

ही तक्रार आजची नाही. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने 1902 साली तबकडीच्या ब्रेकचे पेटंट घेतले. त्यात धातूच्या तबकडीवर तांब्याचे अस्तर घासे, आणि त्याचा असा कर्णकर्कश आवाज होई की लोक नको म्हणत. डर्बीशरच्या डोंगराळ मुलुखात हर्बर्ट फ्रूड नावाचा एक कल्पक गृहस्थ होता. तिकडचे गाडीवान उतारावर लाकडी ब्रेकठोकळ्याला जुन्या बुटाचे कातडे लावतात, हे पाहून त्याला घर्षणाच्या अस्तराची कल्पना सुचली, असे सांगतात. पुढे 1907 च्या सुमारास त्याने अस्तरासाठी ॲस्बेस्टॉस वापरले, आणि आवाजही बराच निवला. ॲस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसांना घातक असल्याचे सिद्ध झाल्यावर कित्येक देशांनी ते पॅडमधून हद्दपार केले, ही गोष्ट फार नंतरची. तबकडीच्या ब्रेकला खरी प्रतिष्ठा मिळाली ती शर्यतीच्या मैदानावर. 1953 साली ल मां येथील चोवीस तासांची शर्यत जिंकणाऱ्या जॅग्वार गाडीला असे ब्रेक होते, आणि तेव्हापासून वेगवान मोटार व तबकडी यांची सोयरीक कायमची जुळली.

आता वेगवान गाडीचेच पॅड अधिक का ओरडतात? उत्तर उष्णतेत आहे. दीड हजार किलोग्रॅमची गाडी ताशी 200 किलोमीटरच्या वेगावरून थांबवली, तर ब्रेकमध्ये जी उष्णता निर्माण होते तिच्यावर सुमारे सात लिटर पाणी उकळीस येईल. आणि हे सारे सहा-सात सेकंदांत. तीच गाडी 50 च्या वेगावरून थांबवली तर उष्णता एक-षोडशांश. वेग चौपट, तर उष्णता सोळापट, असा हा हिशेब आहे. एवढी धग सोसावी म्हणून अशा पॅडमध्ये धातूची भुकटी आणि धातूचे तंतू भरपूर घातलेले असतात. असा पॅड कठीण असतो. कंपन जिरवून टाकण्याचा मऊपणा त्याच्यात नसतो. शिवाय तापल्यावरच त्याचा स्वभाव खुलतो. गार असताना, शहराच्या गर्दीत, तो कुरकुरतो. नेहमीच्या गाडीत पॅडच्या पाठीशी रबर आणि पोलाद यांच्या थरांची पातळ पट्टी असते, तिला शिम म्हणतात. ती थरथर गिळते. शर्यतीच्या पॅडला ती बहुधा नसते, कारण त्या तापात रबर टिकावयाचे कसे?

माझी चूक अशी की, हे काहीच समजून न घेता मी एका गॅरेजात गेलो आणि ‘काहीही करा, पण आवाज घालवा’ असे सांगितले. मेकॅनिकने गाडीबरोबर आलेले पॅड काढून मऊ, स्वस्त पॅड बसवले. ‘साहेब, आता बघा, मांजरासारखी थांबेल,’ असे तो म्हणाला, आणि खरोखर ती तशी थांबू लागली. तीन आठवडे मी सुखात होतो. मग महाबळेश्वराहून पोलादपूरकडे आंबेनळी घाट उतरताना, शेजारी पत्नी बसलेली असता, प्रथम काहीतरी जळाल्याचा उग्र दर्प आला. पुढच्या वळणावर पेडल दाबले तो ते दगडासारखे घट्ट लागले, आणि गाडी मात्र पुढेच जात राहिली. वळणातून एस.टी.ची बस वर येत होती. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली, मग पहिल्या, हातब्रेक थोडा थोडा ओढला, आणि डोंगराच्या बाजूच्या गटारात डावी चाके घालून बसपासून दोन हातांवर कसाबसा थांबलो. बसचा चालक खाली उतरला. तो रागावला नाही. ‘लायनर तापलेत साहेब. अर्धा तास उभे राहा, आणि वर पाणी ओतू नका, डिस्क तडकेल,’ एवढेच म्हणून तो निघून गेला. मऊ पॅड फार तापला की त्यातील राळ जळू लागते, तिचे वायू निघतात आणि घर्षण एकाएकी घटते. गाडी जितकी जड आणि वेगवान, तितके हे लवकर. इंजिनाच्या आधारे घाट उतरावा हे मला ठाऊक नव्हते असे नाही. पण शांत ब्रेकने मला निष्काळजी केले होते.

परत आल्यावर मी जुने पॅड पुन्हा बसवले, आणि या वेळी कामास स्वतः उभा राहिलो.

आवाज घालवण्याआधी तो ओळखावा लागतो. पावसाळ्यातील सकाळी पहिल्या दोन-तीन ब्रेकांना जी खरखर येते, ती तबकडीवर रात्रीत धरलेल्या गंजाची. ती आपोआप जाते. पेडल दाबलेले नसतानाही चाकाबरोबर फिरणारी बारीक, सततची किणकिण मात्र गंभीर समजावी. पुष्कळ पॅडना पोलादाची एक लहानशी जीभ लावलेली असते; अस्तर दोन-तीन मिलिमीटर उरले की ती तबकडीला टेकते आणि ओरडते, आणि ओरडावे म्हणूनच तिची योजना असते. तिला वाकवून गप्प करणारे महाभाग आहेत. त्यांच्याविषयी काय बोलावे! महागड्या गाड्यांत या जिभेऐवजी पुष्कळदा तार असते आणि समोर दिवा लागतो. धातूवर धातू घासल्याची भरड घरघर ऐकू आली, तर गाडी जागच्या जागी उभी करावी.

उरला तो हलक्या ब्रेकला, कमी वेगात येणारा चीत्कार. त्यावर आम्ही असे केले. पॅड काढून कॅलिपरमधील त्याच्या बैठकी तारेच्या ब्रशाने स्वच्छ केल्या. तेथे साचलेला गंज आणि धूळ पॅडला मोकळेपणाने मागे सरकू देत नव्हती. पॅडच्या पाठीवर आणि बैठकीवर उष्णता सोसणाऱ्या ग्रीसचा पातळ हात दिला. पुढच्या बाजूस त्याचा ठिपकाही लागता कामा नये. लागला तर तो पॅड गेलाच म्हणून समजावे. पॅडची जी कड तबकडीला प्रथम भिडते ती कानशीने किंचित उतरती केली. तबकडीवर दुसऱ्या पॅडच्या अस्तराचा थर बसला होता. तो घासून काढला, कारण दोन जातींच्या पॅडचे थर एकमेकांशी नांदत नाहीत. मग पहाटे मोकळ्या रस्त्यावर ताशी 80 पासून 20 पर्यंत आठ-दहा वेळा जोराने वेग उतरवला, पण गाडी पूर्ण थांबवली नाही. आणि शेवटी काही किलोमीटर ब्रेकला न शिवता ती गार होऊ दिली. यामुळे पॅडचा पातळ, एकसारखा थर तबकडीवर चढतो. घाई करून तापलेल्या ब्रेकवर पाय दाबून उभे राहिले, तर त्याच जागी डाग उमटतो आणि पुढे पेडल थरथरू लागते.

एवढे केल्यावर आवाज पुष्कळ कमी झाला. सगळा गेला नाही. सकाळी गार गाडी फाटकाशी येते तेव्हा ती अजून एकदा ओरडते, आणि आमचा रखवालदार हातातली बिडी खाली ठेवून, मान वर न करताच, फाटक उघडावयास उठतो.